मध, मेण आणि मीठ

नवतपा लागला की आमच्या कसब्यात सकाळी दहानंतर रस्ते ओस पडतात. २५ मे ते २ जून, असे हे नऊ दिवस. चंद्रपूर जिल्ह्यात या दिवसांत पारा ४५-४६ अंशांच्या खाली यायला तयार नसतो. त्यामुळे वाडीतलं काम फजरच्या नमाजनंतर हाती घ्यायचं आणि ऊन भिंतीवर चढायच्या आत आवरायचं, ही आमच्या घरातली जुनी रीत आहे. दादा पाळायचे, अब्बा पाळायचे, आता मी पाळतो.

घरामागची ही वाडी जेमतेम चार गुंठ्यांची. उन्हाळ्यातली भेंडी आणि बरबटी आता संपत आलेली असते. वाळलेले वेल उपटायचे, शेणखत पसरायचं, काट्याचं कुंपण नीट करायचं, मांडवाचे मोडके बांबू बदलायचे. राखेत घोळून ठेवलेलं कोहळ्याचं, काकडीचं, कारल्याचं, वालाचं बी काढून पाहायचं. मृग ७-८ जूनला लागतो. त्याच्या आत आळी तयार पाहिजेत.

वाडीच्या टोकाला जांभळाच्या झाडाखाली सातेरी मधमाश्यांच्या दोन पेट्या आहेत. या दिवसांत त्यांचीच काळजी जास्त. पेटीवर ओलं पोतं टाकायचं, जवळ पसरट मडक्यात पाणी ठेवायचं आणि माश्या बुडू नयेत म्हणून त्यात खडे टाकायचे. घोडीच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवायच्या, म्हणजे मुंग्या चढत नाहीत. मोह संपला, करंज झडला, जांभूळही फुलून गेलं. आता चांगला पाऊस पडून नवी फुलं येईपर्यंत माश्यांना फारसं काही मिळणार नाही. म्हणून मे महिन्याच्या शेवटी मध काढायचा तर किती काढायचा आणि पेटीत किती ठेवायचा, हा दरवर्षीचा प्रश्न असतो. जास्त काढला तर पावसाळ्यात वसाहत उपाशी मरते, नाहीतर पेटी सोडून निघून जाते.

हा हिशेब करताना मला दरवर्षी दादांची वही आठवते. आजचा लेख त्या वहीबद्दल आहे.

पायली कुणाची?

दादा वनउपजाचे छोटे व्यापारी होते. गडचिरोली तेव्हा वेगळा जिल्हा नव्हता. २६ ऑगस्ट १९८२ ला तो झाला. त्याआधी सगळा मिळून चांदा जिल्हा. धानोऱ्याकडच्या, कुरखेड्याकडच्या गावांतून माल यायचा आणि तो पुढे नागपूरकडे जायचा. अब्बांच्या इंतकालनंतर पत्र्याच्या पेटीत दादांची एक वही सापडली. अक्षर उर्दू, आकडेही उर्दू. चार रकाने: गाव, माल, वजन, मोबदला. मालाच्या रकान्यात मोहफूल, लाख, चारोळी, हिरडा, शहद, मोम. मोबदल्याच्या रकान्यात कुठे पैसे, कुठे कापड, कुठे तंबाखू आणि बहुतेक ठिकाणी एकच शब्द: नमक.

माल आणणाऱ्या माणसाचं नाव मात्र एकाही ओळीत नाही. नुसतं गावाचं नाव.

लहानपणापासून आम्ही ऐकत आलो होतो की दादांनी जंगलातल्या लोकांना मीठ पुरवलं. घरात ही गोष्ट अभिमानाने सांगितली जायची. काही वर्षांपूर्वी धानोऱ्याकडचे एक ओळखीचे गोंड काका माझ्याकडे आले होते. मधाचं त्यांचं आयुष्यभराचं काम. मी पेट्या दाखवल्या, चहा झाला आणि मग मी हौसेने ती वही काढून दाखवली. त्यांना उर्दू येत नाही. मी वाचून दाखवत गेलो. आपल्या गावाचं नाव ऐकून ते जरा हसले. मग म्हणाले, "मीठ देत होते भाई, ते खरं हाय. पण मोजाची पायली बी त्यायचीच होती."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. पण त्या दिवसापासून मला ती वही पूर्वीसारखी वाचता येत नाही. मीठ कशासाठी लागत होतं, मध कुणाचा होता आणि तो मोजण्याचा अधिकार दादांकडे कसा आला, हे समजून घ्यायचं तर बरंच मागे जावं लागतं.

हिरे मोजले, हत्ती मोजले

अकबराच्या काळात अबुल फजलने ‘आईन-ए-अकबरी’ लिहिली. त्यातल्या वऱ्हाड सुभ्याच्या वर्णनात चांद्याचा गोंड राजा बाबजी येतो. त्याच्याकडे एक हजार घोडदळ आणि चाळीस हजार पायदळ असल्याची नोंद आहे. त्याच्या ताब्यातल्या वैरागडला हिऱ्यांची खाण आहे, तिथे नक्षीचं कापड विणलं जातं, जंगलात हत्ती आहेत, हेही अबुल फजल सांगतो. हे वैरागड म्हणजे आजच्या गडचिरोली जिल्ह्यातल्या आरमोरी तालुक्यातलं गाव. दरबाराच्या नजरेत या मुलखाचं मोल असं होतं: फौज, हिरे, हत्ती. झाडावरच्या पोळ्याची दखल घ्यायचं कारण नव्हतं. जंगलातला मध गावाचाच राहिला.

गोंड राजवटीने तलाव बांधणाऱ्यांना जमिनी दिल्या. पूर्व विदर्भातल्या तलावांच्या जाळ्यामागे हे धोरण आणि कोहळी समाजाचं कसब आहे. राजाचा महसूल शेतीतून आणि तलावांतून यायचा. जंगलावर सत्ता होती, पण मोह वेचायला, मध काढायला कुणी पावती मागत नव्हतं.

१८५४ मध्ये नागपूरचं राज्य खालसा झालं आणि चांदा इंग्रजांकडे गेला. चार वर्षांत, १८५८ मध्ये, अहेरीच्या बाजूला बाबूराव शेडमाके यांनी बंड केलं. त्यांच्या तुकडीत गोंडांबरोबर रोहिलेही होते. हे आपल्याकडे फारसं सांगितलं जात नाही. चांद्याच्या जंगलात मुसलमान नुसता तराजू घेऊन गेला नव्हता, हातात हत्यार घेऊन गोंडांच्या खांद्याला खांदा लावूनही लढला होता. शेडमाके पकडले गेले आणि २१ ऑक्टोबर १८५८ ला चांद्याच्या तुरुंगात त्यांना फाशी दिली गेली.

त्यानंतर जंगलाची मोजदाद सुरू झाली. आलापल्लीचं सागवान नावाजलं गेलं. १८६५ आणि १८७८ मध्ये वनकायदे आले आणि मग १९२७ चा भारतीय वन कायदा, जो आजही लागू आहे. त्याच्या दुसऱ्या कलमात ‘वनोपज’ म्हणजे काय याची व्याख्या आहे. जंगलात सापडणाऱ्या वस्तूंच्या त्या यादीत कातडी, हस्तिदंत, शिंगं, हाडं, रेशीम, कोष यांच्या रांगेत दोन शब्द येतात: मध आणि मेण. सव्विसाव्या कलमाने राखीव जंगलातून वनोपज गोळा करणं, बाहेर नेणं, हा गुन्हा ठरवला.

झाडाच्या शेंड्यावर चढून पोळं काढणारा माणूस त्या दिवसापासून मेहेरबानीवर आला. परवानगी असेल तर काढायचं, नसेल तर लपून काढायचं. लपून काढलेला माल उजेडात, बाजारात, चार लोकांसमोर विकता येत नाही. तो रात्री एखाद्या ओळखीच्या व्यापाऱ्याच्या ओट्यावर आणून टाकावा लागतो. तिथे घासाघीस कसली करणार? दादांच्या वहीत नावं का नाहीत, याचं एक कारण मला इथे सापडलं. नाव लिहिणं विकणाऱ्यालाही गैरसोयीचं होतं. आणि नाव नसण्याचा फायदा घेणाऱ्याला होता.

समुद्र नसलेला मुलूख

आता मिठाचं. चांद्यापासून समुद्र दोन्ही बाजूंनी शेकडो मैल लांब. मीठ बंजाऱ्यांच्या तांड्यांबरोबर बैलांच्या पाठीवरून यायचं, पुढे रेल्वेने येऊ लागलं. वाहतूक महाग आणि वर सरकारचा कर. आतल्या गावापर्यंत पोहोचताना ते अजून महाग व्हायचं. धान्य, भाजी, फळं, मांस, औषध हे सगळं जंगल आणि शेत देत होतं. मीठ देत नव्हतं. त्यामुळे ज्याच्याकडे मीठ, त्याच्याकडे भाव ठरवायची ताकद.

१९३० मध्ये गांधीजींनी दांडीला मीठ उचललं, तेव्हा मध्य प्रांत-वऱ्हाडातल्या लोकांपुढे अडचण उभी राहिली. इथे मिठागर नाही, कायदा मोडायचा कसा? मार्ग निघाला तो जंगलाचा. जुलै १९३० मध्ये लोकनायक बापूजी अणे यांनी पुसदला राखीव जंगलातलं गवत कापलं आणि जंगल सत्याग्रह सुरू झाला. मिठाऐवजी जंगलाचा कायदा मोडला गेला. आमच्या भागात या दोन गोष्टी एकमेकींत किती गुंतल्या आहेत, हे त्यावरून दिसतं. दादांच्या वहीत त्या शेजारशेजारच्या दोन रकान्यांत आहेत.

१९५१ मध्ये मालगुजारी आणि जमीनदारी संपली. जमीनदारांची जंगलं सरकारकडे आली आणि गावांना निस्तार हक्क मिळाले. घरापुरतं सरपण, बांबू, चारा घ्यायची मुभा. पण घरापुरतं घेणं वेगळं आणि मालक म्हणून विकणं वेगळं. मध-मेणाच्या व्यापारात गावाची जागा होती तीच राहिली.

टेंभा

इथे माश्यांबद्दल थोडं सांगायला हवं. माझ्या पेटीतली सातेरी झाडाच्या ढोलीत, अंधारात, एकामागे एक अशी अनेक पोळी बांधते. म्हणून ती पेटीत राहते. जंगलातला बहुतेक मध मात्र आग्या माशीचा. ती उघड्यावर, उंच झाडाच्या फांदीला किंवा कड्याला एकच मोठं पोळं लावते आणि ऋतू बदलला की मुक्काम हलवते. तिला पेटीत कोंडता येत नाही. तिच्याकडे आपणच जावं लागतं, आणि ती चिडली तर माणसाचा जीव जातो.

त्यामुळे जुनी पद्धत टेंभ्याची. अंधाऱ्या रात्री पेटता टेंभा घेऊन चढायचं, पोळं भाजायचं. माश्या ठिणग्यांमागे खाली जातात, जळतात. मग सगळं पोळं तोडून आणायचं आणि पिळायचं. त्यात मध असतो, परागकण असतात आणि अळ्याही असतात. ठिणगी पालापाचोळ्यात पडली तर वणवा. असा मध लवकर आंबतो, भाव कमी मिळतो, आणि तोडलेल्या पोळ्याची वसाहत संपते.

दादा पाच वेळचे नमाजी होते. सूरह नहल, म्हणजे मधमाशीच्या नावाची सूरह, ते सकाळच्या तिलावतीत वाचायचे. मधात शिफा आहे हे त्यांचं आवडतं वाक्य. अबू दाऊदच्या हदीससंग्रहात मधमाशीला मारायची मनाई आलेली आहे, हेही त्यांना ठाऊक असणारच. तरी त्यांच्या ओट्यावर येणारा प्रत्येक डबा टेंभ्याचा होता. माश्या दादांनी मारल्या नाहीत. पण वजनावर, पडत्या भावात आणि घाईत माल घेणारा गिऱ्हाईक असला की काढणाराही घाईनेच काढतो. चांगला मध आणि पिळलेला मध यांना एकच भाव असेल तर रात्रभर झाडावर कोण जपून काम करेल?

मुसलमानांच्या इतिहासात माशीकडे बारकाईने पाहणाऱ्यांची मोठी परंपरा आहे. बाराव्या शतकात सेव्हिलच्या इब्न अल-अव्वामने शेतीवर जो प्रचंड ग्रंथ लिहिला, त्यात भाजीपाला, फळझाडं, जनावरं यांच्याबरोबर मधमाशीपालनही आहे, आणि सेव्हिलजवळच्या जमिनीत स्वतः करून पाहिलेले प्रयोग तो सांगतो. पंधराव्या शतकात कैरोचा इतिहासकार मकरीझी याने मधमाशीवर स्वतंत्र पुस्तिका लिहिली. चांद्याच्या ओट्यावर यातलं काही पोहोचलं नाही. आमच्याकडे तराजू पोहोचला.

वर्धा ते मेंढा

माश्या न मारता मध काढायचं शहाणपण आमच्या भागात आलं ते वर्ध्याच्या वाटेने. डिसेंबर १९३४ मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. जे. सी. कुमारप्पा त्याचे चिटणीस. वर्ध्याच्या मगनवाडीत तेलघाणी, हातकागद, गूळ यांच्याबरोबर मधमाशीपालनाचेही धडे दिले जाऊ लागले. १९६२ मध्ये पुण्यात केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आली. पण हे काम मुख्यतः सातेरीचं, पेटीचं. आग्या माशीचं काय, हा प्रश्न तसाच होता. वर्ध्यातूनच काम करणाऱ्या गोपाल पालीवाल यांच्यासारख्या अभ्यासकांनी तो हातात घेतला.

आग्याच्या पोळ्याची रचना पाहिली की उत्तर सोपं वाटतं. मध पोळ्याच्या वरच्या भागात, फांदीजवळ साठवलेला असतो. अंडी-अळ्या खालच्या भागात. अंगभर संरक्षक पोशाख घालून, टेंभ्याऐवजी थोडा धूर देऊन, फक्त मधाचा भाग कापून घेतला तर पिल्लं वाचतात, माश्या वाचतात आणि फुलोरा असेल तर तेच पोळं पुन्हा भरतं. मध स्वच्छ निघतो आणि टिकतो.

धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा या गोंड गावाने ही पद्धत अभ्यास गटातून शिकून घेतली. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्यामुळे हे गाव महाराष्ट्राला माहीत आहे. दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार, ही त्यांची घोषणा. तिथे निर्णय बहुमताने होत नाहीत, सर्वसहमतीने होतात, आणि त्याआधी विषयाचा अभ्यास होतो. मधाचाही झाला. माश्या वाचवायच्या हे गावाने बसून, बोलून ठरवलं. ज्याला पुढच्या वर्षीही याच झाडाखाली यायचं आहे आणि ज्याला ठाऊक आहे की झाड आपलं आहे, तो पोळं जपून कापतो.

झाड आपलं आहे हे कायद्याने मान्य व्हायला मात्र २००६ उजाडलं. त्या वर्षीच्या वनहक्क कायद्यात गौण वनोपजाची व्याख्या आहे. बांबू, टसर, कोष, लाख, तेंदूपानं यांच्या यादीत तेच दोन शब्द पुन्हा आले: मध, मेण. १९२७ च्या कायद्यात या शब्दांनी गावाच्या हातून वस्तू काढून घेतल्या होत्या. २००६ च्या कायद्यात त्याच शब्दांनी त्या गोळा करण्याचा, वापरण्याचा आणि विकण्याचा मालकी हक्क परत दिला. मधे एकोणऐंशी वर्षं गेली. २००९ मध्ये मेंढ्याला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. २७ एप्रिल २०११ ला केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत बांबू वाहतुकीचे परवाने ग्रामसभेच्या हाती आले. त्यानंतर गडचिरोलीतल्या शेकडो ग्रामसभा आपापला माल स्वतः विकू लागल्या. पायली आता त्यांची आहे.

या कायद्यात आपल्या समाजातल्या काही कुटुंबांशी जोडलेली एक बाजूही आहे. अनुसूचित जमातींखेरीज ‘इतर पारंपरिक वननिवासी’ असा एक वर्ग त्यात आहे. १३ डिसेंबर २००५ च्या आधी तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षं, जंगलात राहून त्यावर गुजराण केल्याचं त्यांना दाखवावं लागतं. जंगलगावांत राहणारे दलित, ओबीसी, मुसलमान यात येऊ शकतात. पण गरिबाकडे ७५ वर्षांचा कागद कुठून असणार? कागद नेहमी आमच्या दादांसारख्यांकडे राहिला.

वहीचं काय केलं

त्या विचारानेच गेल्या वर्षी मी दादांची वही नीट लिप्यंतर करून घेतली. उर्दू अक्षरांतलं एकेक गाव देवनागरीत आणलं. कुठल्या गावातून, कोणत्या महिन्यात, कोणता माल आला, एवढं तिच्यातून नक्की कळतं. माणसाचं नाव नाही म्हणून एखाद्याचा वैयक्तिक दावा तिच्यावर उभा राहणार नाही. पण अमुक गाव अमुक काळात जंगलातून मध, मेण, लाख काढत होतं, याचा ती लेखी पुरावा आहे. तिच्या प्रती काढून मी त्या काकांना दिल्या. त्यांच्या ग्रामसभेला उपयोग होईल की नाही, हे त्यांनी ठरवायचं.

घरात यावर थोडी कुरबुर झाली. दादांची बदनामी कशाला, असं एका धाकट्या भावाचं म्हणणं. मला तसं वाटत नाही. दादा वाईट नव्हते. त्यांच्या काळात सगळे ओटे असेच होते आणि त्यांचा त्यातला लहान होता. पण आपण शेडमाक्यांबरोबर लढलेल्या रोहिल्यांचा वारसा सांगणार असू, तर पायलीचाही सांगावा लागेल. मरणाऱ्याचं देणं वारसांनी फेडावं हे आपल्याकडे लहान मुलालाही शिकवतात. नाव नसलेल्या माणसाचं देणं कसं फेडायचं, हे मात्र मला कुणी शिकवलेलं नाही.

काका परवा पुन्हा आले होते. येताना आग्याचा मध घेऊन आले, वर कापलेला, स्वच्छ, तांबूस. भाव त्यांनी सांगितला, मी दिला. मग दोघांनी मिळून माझ्या पेट्या उघडल्या. एका पेटीत चार चौकटी चांगल्या भरल्या होत्या. मी दोन काढायच्या विचारात होतो. त्यांनी चौकट उजेडात धरली, खालची पिल्लं पाहिली, आभाळाकडे पाहिलं आणि म्हणाले, "एकच काढा भाई. यंदा पानी लांबल असं वाटते."

एकच काढली. कोहळ्याचं बी आज भिजत घातलं आहे. त्याची नर आणि मादी फुलं वेगवेगळी येतात आणि सकाळच्या थोड्याच वेळात मिटतात. तेवढ्यात माशी फिरली नाही तर फळ धरत नाही. श्रावणात ती फुलं येतील, तेव्हा पेटी भरलेली असायला हवी.